वस्तरा ओढायला लागला? आधी पट्टा बघा, मग दगड

दगडावर नीट लावलेला वस्तरा हाती आला, सुरुवातीच्या दाढ्या झकास झाल्या आणि मग तो हळूहळू केस कापण्याऐवजी ओढायला लागला, की नवखा माणूस हमखास दोन गोष्टी करतो. धार घोटायच्या चामडी पट्ट्यावर जोर वाढवतो, नाहीतर पट्ट्याला फासायची पेस्ट मागवतो. दोन्ही करू नका. निदान लगेच तरी नका.

पट्ट्यावर फिरवताना पाठ (धारेसमोरची जाड कड) पुढे, धार मागे, वळवायचं ते पाठीवर, ही बाराखडी तुम्हाला येत असणार, त्यामुळे तिच्यावर वेळ घालवत नाही. घाईत धारेवर वळवलंत तर चामडं कापलं जाईल, एवढंच. तसं झालंच तर हाय खाऊ नका. सुटलेला पापुद्रा चिकटवा, वाळल्यावर प्यूमिस दगडाने घासून सपाट करा आणि पुढे चला. जवळपास प्रत्येकाच्या पहिल्या पट्ट्यावर अशी एखादी खूण असते. म्हणून पहिला पट्टा महागडा घेऊ नये.

आता खरा खड्डा. मीही त्यात पडलो होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

वस्तऱ्याचा कोन हाताने धरावा लागत नाही. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातूनच तो ठरतो, बहुधा १६ ते १८ अंशांच्या आसपास. पाठ आणि धार दोन्ही एकाच सपाट पृष्ठावर टेकल्या की काम झालं. पण ही सगळी सोय पृष्ठ सपाट असेल तरच. टांगलेला पट्टा सैल असला, किंवा ताणलेला असूनही तुम्ही वरून दाबलंत, की चामडं मधोमध खाली जातं आणि पात्याच्या मागेपुढे वर येतं. म्हणजे धार सरकत असताना तिच्यामागचं चामडं वर उचललेलं असतं आणि ते धारेच्या टोकाला बगल देऊन न जाता त्याला वळसा घालतं. अगदी टोकाची जाडी मायक्रॉनच्याही आत असते. तेवढं टोक गोल व्हायला कितीसा वेळ लागणार?

यातली फसवणूक अशी, की पातं चकचकीत दिसतं. चामड्यावर आवाजही छान येतो. वस्तरा गालावर गुळगुळीत फिरतो, फक्त केस कापत नाही. मग वाटतं, पट्टा कमी पडला. म्हणून फेऱ्या वाढतात, जोर वाढतो आणि टोक आणखी गोल होतं. पुन्हा सांगतो, कारण हे एकदा ऐकून पटत नाही: पट्ट्यावर जोर देऊन धार परत येत नाही, जाते. पात्याचं स्वतःचं वजन आणि ते चामड्यावरून उचललं जाऊ नये एवढाच बोटांचा भार पुरतो. वळताना पातं चामड्यावर आपटून ‘फट्’ असा आवाज येत असेल, तर तिथेही दाब पडतोय.

शंका असेल तर टांगायचा पट्टा टेबलावर सपाट अंथरा आणि काही दिवस तसाच वापरा. सैलपणा आपोआप गेला. आता फरक पडला तर दोष वस्तऱ्यात नव्हता. नव्यांनी सुरुवातच लाकडी फळीवर चिकटवलेल्या चामड्यावर करावी असं माझं ठाम मत आहे. टांगलेला पट्टा देखणा दिसतो, पण शिकायला वाईट.

फेऱ्यांचे आकडे विचारत बसू नका. पट्ट्याच्या कापडी बाजूवर २०-३० आणि चामड्यावर ५०-६० फेऱ्या हा रुळलेला हिशेब आहे, पण सपाट आणि हलक्या हाताच्या ३० फेऱ्या वेड्यावाकड्या १०० फेऱ्यांपेक्षा कधीही बऱ्या. वेग तर सगळ्यात शेवटची गोष्ट. ‘ते हळूहळू हातात बसतं’ एवढंच सांगणाऱ्या गुरूपासून दोन हात लांब राहा. तुमचं मनगट बघून ‘इथे उचलतोयस’ म्हणणारा एक माणूस मिळाला तर त्याला सोडू नका.

पट्टा पात्याच्या लांबीपेक्षा अरुंद असेल तर सरळ ओढू नका, तिरकं न्या, म्हणजे मुठीकडच्या टाचेपासून पात्याच्या पुढच्या टोकापर्यंत सगळी धार चामड्यावरून जाते. पूर्ण धार बोथट वाटली तर संशय दाबावर घ्या. फक्त पात्याच्या पुढच्या टोकाकडचा भाग ओढत असेल तर तो भाग चामड्याला लागतच नसावा. एकाच ठिकाणी टोचत असेल तर तिथे धारेची चीप, म्हणजे बारीक कपची, उडाली असेल आणि तिच्यावर पट्ट्याकडे इलाज नाही.

चीप उडते हे ऐकून घाबरू नका. एमआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं, की केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असूनही डिस्पोजेबल रेझरच्या धारेचे बारीक तुकडे पाडू शकतो. केस वाकतो आणि धारेवर तिरका भार टाकतो, हे त्याचं एक कारण. तेव्हा थोडी झीज होणारच, ती तुमची चूक नाही. दाढी नीट भिजवा आणि पातं गालाशी ३० अंशांच्या आसपास ठेवा.

पेस्टबद्दल. ०.५ मायक्रॉनचं हिरवं क्रोमियम ऑक्साइड थकलेली धार खरोखर जागी करतं. पण ते वेगळ्या पट्ट्यावर लावा. रोजच्या चामड्यात एकदा गेलं की निघत नाही. आणि आठवड्याला त्याचाच आधार घेतलात तर मऊ पृष्ठावर घासून घासून टोक पुन्हा गोल होतं, म्हणजे फिरून त्याच खड्ड्यात. मला हा प्रकार आळशीपणाच वाटतो, पण क्वचित १० फेऱ्या मारल्या तर मी भांडणार नाही.

कार्बन पोलाद असेल तर गंज धारेवरच आधी धरतो, कारण तिथे धातू सगळ्यात पातळ. दाढीनंतर पुसा, मुठीतला सांधाही कोरडा करा, कापडी पट्ट्यावर थोड्या फेऱ्या मारा. ओलं पातं चामड्यावर नेऊ नका. बरेच दिवस वापरणार नसाल तर तेलाचा हात फिरवा आणि वस्तरा न्हाणीघरात ठेवू नका. नखावर धार तपासायची सवय असेल तर ती मोडा. दाढी हीच चाचणी.

एवढं करूनही, सपाट पट्ट्यावर आठवडाभर हलका हात ठेवूनही ओढत असेल, तर मुकाट्याने दगडावर द्या. देताना सांगा की आधी फक्त शेवटचा बारीक दगड, म्हणजे १२००० ग्रिटच्या आसपासचा (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक), फिरवून बघा. चीप नसेल तर पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं, आणि उगाच खालच्या, भरड दगडापासून सुरुवात करून पातं झिजवायची गरज नसते.