रेसिंग गेममधल्या कॉम्प्युटरच्या गाड्यांना ड्रायव्हिंग कसं शिकवायचं (स्क्रॅचवर, फुकटात)

उन्हाळ्यात भाचा परभणीला आला की दोन दिवसात त्याला आमच्या घराचा कंटाळा येतो, बाहेर ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, मग तो अन् माझा जुना लॅपटॉप. यावेळी त्यानं स्क्रॅचवर, म्हणजे रंगीत ब्लॉक जोडून गेम बनवायच्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर, गाडीचा गेम बनवला होता, ॲरोच्या बटनांनी चालवायचा, पण एकटा किती वेळ चालवणार. म्हणला, मामा, कॉम्प्युटरच्या गाड्या टाकू, पण खोट्या नको, शिकलेल्या पाहिजेत.

खोट्या म्हणजे काय तर बऱ्याच रेसिंग गेममध्ये कॉम्प्युटरच्या गाड्या आधीच आखून दिलेल्या रेषेवरून पळतात, तुम्ही मागं पडलात की त्या हळू होतात, पुढं गेलात की अचानक अंगात येतं, याला रबर बँडिंग म्हणतात. शिकलेल्या म्हणजे सोनीनं ग्रॅन टुरिस्मो या रेसिंग गेमसाठी बनवलेली सोफी, स्वतः शिकलेली कॉम्प्युटर ड्रायव्हर. तिचा पेपर 2022 मध्ये नेचर मासिकात आला, अन् 2021 मध्येच तिनं जगातल्या टॉपच्या ग्रॅन टुरिस्मो ड्रायव्हरांना हरवलं होतं. तिला शिकवायला कित्येक प्लेस्टेशन एकदम चालू ठेवले होते. आपल्याकडं एक लॅपटॉप, त्याचा पण फॅन घरघर करतो. तरी जमतं, फक्त पद्धत वेगळी घ्यायची.

पद्धत आपल्या शेतातलीच आहे. पूर्वी ज्वारी काढायच्या आधी घरातलं जाणतं माणूस रानात फिरून टपोरी कणसं हेरायचं, ती बियाण्याला वेगळी ठेवायची, पुढच्या साली तीच पेरायची, परत त्यातली हेरायची. इथं विद्यापीठानं काढलेली परभणी क्रांती भेंडी पण आधी संकर अन् मग पिढ्यानपिढ्या निवड, अशीच तयार झाली. आपण तेच गाड्यांचं करायचं: वीस गाड्या सोडायच्या, सगळ्यात लांब गेली तिचं "बियाणं" ठेवायचं, त्यात थोडा थोडा फरक करून परत वीस सोडायच्या. गाडीला कुणी काही समजावून सांगत नाही, निवड आपली असते, अन् आपण काय बघून निवडतो त्यावर सगळं अवलंबून. याच्यातच आमचे दोन दिवस गेले, ते खाली सांगतो.

आधी रस्ता अन् गाडी

स्क्रॅचचं स्टेज, म्हणजे गेम दिसतो तो चौकोन, 480 बाय 360 चं असतं. बॅकड्रॉपमध्ये, म्हणजे मागच्या चित्रात, पूर्ण हिरवं गवत भरा, एकच सपाट हिरवा, शेडिंग वगैरे नको, त्यावर करड्या रंगाचा बंद रस्ता काढा साधारण 50 रुंदीचा, अन् कडेनं चारी बाजूला गवत राहू द्या. पहिला रस्ता साधा, अंड्यासारखा. कन्नडच्या घाटासारखी वळणं नंतर.

गाडी लहान काढा, 16-18 लांबीची, तोंड उजवीकडं. हे महत्त्वाचं, कारण स्क्रॅचमध्ये गाडी वर तोंड करून काढली की ती खेकड्यासारखी आडवी चालते अन् माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो. गाडीचा रंग हिरवा सोडून कुठलाही. त्याच स्प्राइटला (स्क्रॅचमध्ये हलणाऱ्या चित्राला स्प्राइट म्हणतात) दुसरा कॉस्च्युम, म्हणजे दुसरं रूप, द्या, फक्त एक छोटा ठिपका, एडिटरच्या मधल्या खुणेवर बरोबर. हा ठिपका कशाला ते आत्ता कळेल.

डोळे

गाडीला तीन गोष्टी दिसल्या तरी बास: डावीकडं 45 अंशात गवत किती लांब, समोर किती लांब, उजवीकडं 45 अंशात किती लांब. स्क्रॅचमध्ये असा तयार ब्लॉक नाही, आपण बनवायचा. "माय ब्लॉक्स"मध्ये "बघ" नावाचा ब्लॉक करा अन् "रन विदाऊट स्क्रीन रिफ्रेश"वर टिक करा. टिक विसरलात तर गाडी डोळ्यादेखत इकडं तिकडं उड्या मारताना दिसते.

ब्लॉकच्या आत असं: आत्ताचा एक्स, वाय अन् डायरेक्शन लक्षात ठेवायचे, ठिपक्याचा कॉस्च्युम घालायचा, डावीकडं 45 वळायचं, मग 8-8 पावलं पुढं जायचं, गवताचा रंग लागेपर्यंत किंवा 12 वेळा होईपर्यंत. किती वेळा गेलो तो आकडा भागिले 12, हे डाव्या डोळ्याचं उत्तर, म्हणजे 0 ते 1 मधला आकडा. मग परत जुन्या जागी जुन्या दिशेला यायचं अन् समोरचं, मग उजवीकडचं. शेवटी गाडीचा कॉस्च्युम परत. ठिपका यासाठी की रंग लागला का ते सांगणारा "टचिंग कलर" ब्लॉक पूर्ण कॉस्च्युम बघतो, आख्खी गाडी पुढं सरकवली तर तिची कड गवताला लागते अन् डोळा खोटं बोलतो. गवताचा रंग पिपेटनीच उचला, अंदाजानं निवडलेला हिरवा जुळत नाही.

मेंदू

मेंदू म्हणजे चार आकडे. डावा डोळा गुणिले पहिला, समोरचा गुणिले दुसरा, उजवा गुणिले तिसरा, अधिक चौथा, हे सगळं गुणिले 10, जे येईल तितके अंश उजवीकडं वळायचं, उणे आलं तर डावीकडं. उत्तर उणे 10 ते 10 च्या आत अडवा, नाहीतर गाडी भवऱ्यासारखी फिरते. स्पीड सुरुवातीला कायम 3 पावलं.

इथं दोन खड्डे आहेत, आम्ही दोन्हीत पडलो.

एक, हे चार आकडे अन् डोळ्यांचे आकडे ज्या व्हेरिएबलमध्ये (आकडा साठवायच्या डब्यात) ठेवाल ते बनवताना "फॉर धिस स्प्राइट ओन्ली" निवडा. तसं केलं तर प्रत्येक क्लोनला, म्हणजे गाडीच्या प्रत्येक नकलेला, स्वतःचा आकडा मिळतो. नाही केलं तर वीसच्या वीस गाड्या एकाच मेंदूनं चालतात अन् सगळ्या एकदम एकाच झाडाखाली जाऊन मरतात.

दुसरा, पहिल्या पिढीला आकडे रँडम द्यायचे असतात, उणे 1 ते 1. पण "पिक रँडम"मध्ये नुसतं 1 लिहिलं तर स्क्रॅच फक्त उणे 1, 0 किंवा 1 देतं, मधलं काहीच नाही. 1.0 लिहा, मग दशांश येतात. एवढ्या एका टिंबासाठी आमची आख्खी संध्याकाळ गेली.

मार्क कशाला द्यायचे

आता मुख्य. आम्ही आधी ठरवलं, जी गाडी जास्त वेळ जिवंत राहील ती भारी. ऐकायला बरोबर वाटतं ना, गवताला लागली की मेली, म्हणजे जी मरत नाही ती चांगली चालवते. पाच-सहा पिढ्या झाल्या अन् भाचा ओरडला, "मामा, ही जागच्या जागी काहून फिरायली?" बघतो तर बाईसाहेब रस्त्याच्या मधोमध गोल गोल, गोल गोल, कुठं जाणं नाही येणं नाही, पण मरत पण नाही. हिशोब केला तर बरोबरच होतं तिचं. 3 स्पीडला दर फ्रेमला (स्क्रीनवरचं चित्र एकदा बदलतं ती एक फ्रेम) 10 अंश वळलं की 36 फ्रेममध्ये एक गोल होतो, आडवा साधारण 34, अन् रस्ता 50 चा. आम्ही तिला मर नको एवढंच सांगितलं होतं, तिनं तेवढंच केलं.

म्हणून मार्क पुढं सरकण्याचे द्यायचे. रस्त्यावर दर 80 एक पावलांवर गेट ठरवा, अंड्याच्या रस्त्याला बारा पुरतात. गाडी माऊसनी ओढून रस्त्याच्या मधोमध ठेवा, स्टेजच्या खाली एक्स अन् वाय दिसतो, ते दोन लिस्टमध्ये क्रमानं लिहून टाका. प्रत्येक गाडीला "पुढचं गेट" अन् "किती गेट झाले" असे दोन व्हेरिएबल, हे पण फॉर धिस स्प्राइट ओन्ली. स्क्रॅचमध्ये एखाद्या बिंदूपर्यंतचं अंतर मोजायचा ब्लॉक नाही, शाळेतला पायथागोरस काढा: एक्सच्या फरकाचा वर्ग अधिक वायच्या फरकाचा वर्ग, त्याचं वर्गमूळ. अंतर 35 च्या खाली आलं की गेट पार. बाराव्या नंतर परत पहिलं. मार्क म्हणजे झालेली गेटं गुणिले 100, वजा पुढच्या गेटपर्यंतचं अंतर. हे वजा करायचं कारण असं की पहिल्या पिढीत बऱ्याच गाड्या एकाही गेटपर्यंत पोचत नाहीत, मग त्यातल्या त्यात कोण जवळ गेलं होतं ते तरी कळतं.

अजून दोन नियम टाका. 100 फ्रेममध्ये नवीन गेट झालं नाही तर गाडी बाद, म्हणजे गोल गोल वाल्यांचं दुकान बंद. अन् तीन चक्कर झाले की पण बाद करा, मार्क देऊन. नाहीतर एक गाडी शहाणी झाली की ती फिरतच राहते अन् पुढची पिढी कधी येतच नाही, आम्ही जेवून आलो तरी तिचं चालूच होतं.

पिढ्या

मूळ स्प्राइट लपवून ठेवा, पळणार फक्त क्लोन. वीस वेळा "क्रिएट क्लोन ऑफ मायसेल्फ", प्रत्येक वेळी आधी "माझा नंबर" एकनी वाढवायचा म्हणजे क्लोन तो नंबर घेऊनच जन्माला येतो. स्क्रॅच 300 क्लोनच्या वर जाऊ देत नाही, पण तुम्ही तिथपर्यंत जाऊच नका, डोळ्यांचं काम जड असतं अन् 40 गाड्यांतच आमचा लॅपटॉप बसला.

गाडी मरताना तिचे मार्क आत्तापर्यंतच्या बेस्टपेक्षा जास्त असतील तर तिचे आकडे "बियाणं" नावाच्या लिस्टमध्ये लिहायचे, मग "जिवंत" एकनी कमी करायचा, मग डिलीट धिस क्लोन. "बियाणं" अन् "जिवंत" मात्र सगळ्यांसाठी एकच पाहिजे, तिथं फॉर ऑल स्प्राइट्स. जिवंत शून्य झाला की पुढची पिढी: एक नंबरच्या गाडीला बियाणं जसंच्या तसं, बाकी एकोणीसला प्रत्येक आकड्यात उणे 0.3 ते 0.3 मधला रँडम मिसळून. एक नंबर जशीच्या तशी ठेवणं विसरू नका, ती कुठवर जाते ते बघितलं की सुधारणा होते का नाही ते लगेच कळतं.

शिफ्ट दाबून हिरव्या झेंड्यावर क्लिक केलं की टर्बो मोड चालू होतो, गाड्या पळताना नीट दिसत नाहीत पण पिढ्या भराभर जातात. अजून घाई असेल तर तीच फाईल टर्बोवार्पमध्ये उघडा, ते स्क्रॅचचाच प्रोजेक्ट कितीतरी जोरात चालवतं. आमची पहिली गाडी नवव्या पिढीत पूर्ण चक्कर मारून आली. भाच्यानं आजीला स्वयंपाकघरातून ओढत आणलं, आजी बघून म्हणली, अन् याच्यात तुम्ही काय केलं?

दहा-पंधरा पिढ्या झाल्या तरी सगळ्या पहिल्याच वळणावर मरत असतील तर बियाणं पुसून परत पेरणी करा, कधी कधी पहिली वीस दाणेच किडके निघतात.

स्पीड

वळण जमलं की मगच स्पीड त्यांच्या हातात द्या. पाचवा आकडा घ्या, स्पीड म्हणजे 2 अधिक समोरच्या डोळ्याचं उत्तर गुणिले पाचवा आकडा गुणिले 4, अन् 1 च्या खाली जाऊ द्यायचं नाही. सुरुवात 0 पासून करा, कारण जमलेलं ड्रायव्हिंग बिघडायला नको. आता सगळ्याच तीन चक्कर पूर्ण करायला लागतात अन् सगळ्यांना सारखेच मार्क पडतात, म्हणून पूर्ण करणारीला जितक्या कमी फ्रेम लागल्या तितके जास्तीचे मार्क. मग मजा येते, सरळ रस्त्याला पळवतात अन् वळण दिसलं की आपोआप हळू होतात, ब्रेक लाव म्हणून कुणी सांगितलेलं नसताना.

घाण्याचा बैल

आमची गाडी अंड्याच्या रस्त्यावर एकदम तयार झाली. मग भाच्यानं तोच रस्ता आरशासारखा उलटा केला अन् गेटं उलटी लिहिली, गाडी पहिल्याच वळणाला गवतात. आख्खं आयुष्य डावीकडंच वळलेली, घाण्याच्या बैलाला सरळ रस्ता दाखवल्यासारखं झालं. यावर उपाय, रस्ते तीन करा, त्यात एक उलटा अन् एक घाटाचा असू द्या, प्रत्येक गाडीला तिन्हीवर पळवा अन् मार्कांची बेरीज करून बियाणं निवडा. वेळ तिप्पट लागतो, अन् प्रत्येक रस्त्यावरची उस्तादी थोडी कमी होते, पण नवीन रस्ता काढला तरी गाडी गोंधळत नाही. मला विचाराल तर सुरुवातीपासून दोन रस्ते ठेवावेत, एका रस्त्यावर शिकलेलं मोडायला लय पिढ्या जातात.

आता गेममध्ये

बियाण्याच्या लिस्टवर राइट क्लिक करून एक्सपोर्ट केलं की टेक्स्ट फाईल मिळते. ही फाईल फक्त शेवटी काढू नका. आम्ही शेवटी तीस-चाळीस पिढ्यांची एक गाडी केली, भाचा तिच्याशी सात वेळा हरला अन् लॅपटॉप बंद करून कूलरसमोर जाऊन झोपला. म्हणून चक्कर जमायला लागली की एक फाईल काढा, मध्ये एक काढा, शेवटची एक काढा, हेच तुमचे सोपी, मधली अन् अवघड. गेममध्ये पिढ्यांचा कोड लागत नाही, फक्त "बघ" ब्लॉक अन् त्या फाईलमधले पाच आकडे, तीन गाड्या तीन फाईली. लाईट जायच्या आधी कॉम्प्युटरवर सेव्ह करा, आमची बावीस पिढ्यांची मेहनत एका दुपारी अशीच गेली, लॅपटॉपची बॅटरी चार वर्षांपूर्वीच मेलेली हे माहीत असून.

भाच्याला मधलीवाली जड जाते. सोपीला हरवतो अन् मधलीचं नाव त्यानं आजीचं ठेवलंय.