थरात सापडलं म्हणून थराचं? गाळ वाचताना या चुका टाळा

दर हिवाळ्यात कुणीतरी एक पिशवी घेऊन येतं. पिशवीत मूठभर गाळ, गाळात एखादा शंख नाहीतर कोळशाचा तुकडा, आणि तोंडावर प्रश्न: "सर, तेव्हा पाऊस कमी होता ना?" तेव्हा म्हणजे कधी, हे ठरायच्या आधीच पाऊस ठरलेला असतो. मी विचारतो, हा तुकडा तिथं आला कसा? यावर "सापडला" याखेरीज उत्तर फार क्वचित मिळतं.

गाळातून जुनं हवामान शोधणाऱ्यांच्या निम्म्याहून अधिक चुका या एका प्रश्नाला टांग मारल्यामुळे होतात. पुढच्या बहुतेक गोष्टी मी दुसऱ्यांच्या बघितल्या आहेत. पहिली माझीच.

काळ्या मातीच्या पोटातला कोळसा

भीमेच्या खोऱ्यातल्या एका ओढ्याची दरड. वर काळी माती, खाली पिवळसर गाळ, त्यात कंकर, म्हणजे चुन्याचे खडे. सव्वा मीटर खोलीवर, काळी माती संपते तिथं, नखाएवढा कोळसा मिळाला. डिसेंबर होता. दरड ओलसर, सलग, कुठं फट नाही. मी वहीत ठामपणे लिहिलं, "मूळ जागी". कंकर पाहून कोरडं हवामान, कोळसा पाहून वणवा, खोली पाहून सहा-सात हजार वर्षं, अशी सगळी गोष्ट परतीच्या एसटीत बसल्या बसल्या रचून झाली.

काही महिन्यांनी कार्बन-१४चं (हा किरणोत्सारी कार्बन काळानुसार घटत जातो, किती उरला यावरून वय काढतात) उत्तर आलं: दोनशे वर्षांच्या आतला. मी आधी लॅबला नावं ठेवली. (सगळेच ठेवतात.) मग मे महिन्यात पुन्हा त्याच जागी गेलो. वरच्या शेतात भेगा अशा, की पोलादी टेप सोडला तर मीटरभर अडखळलाच नाही. शेताचे मालक बांधावर बसून माझा उद्योग बघत होते. म्हणाले, "काय मोजताय साहेब? आमचा विळा गेलाय त्यात गेल्या साली."

काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. वरचा कचरा, बी, खापर, चुलीतला कोळसा भेगांतून खाली जातो. पहिल्या पावसात भेग मिटते आणि वस्तू आत अडकते. असं वर्षानुवर्षं चाललं की ही माती स्वतःलाच घुसळत राहते. हिवाळ्यात जी भिंत सलग दिसते ती मिटलेली जखम असते. हे कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे. मला मात्र प्रकल्पाचे पैसे घालवून कळलं.

आता माझ्या सवयी अशा. नमुना कधीही घेतला तरी जागा एकदा मे महिन्यात बघायचीच. दरड हातभर आत खरवडायची, खुरप्याने, फावड्याने नाही. मातीत तिरपे, चकचकीत घासलेले पृष्ठ दिसले की समजायचं, ही माती हललेली आहे. तिथला एकटा कोळसा कितीही देखणा असला तरी कालमापनाला पाठवायचा नाही. आणि नेहमी दोन खोलींवरचे दोन तुकडे पाठवायचे. खालचा तरुण आणि वरचा म्हातारा निघाला तर निदान आपण फसतोय हे तरी कळतं. "एकाच तुकड्याचे पैसे आहेत" म्हणणाऱ्याला मी सांगतो, मग अजून थांब.

कंकराचंही तेच. मातीत जागच्या जागी वाढलेले चुन्याचे खडे ओबडधोबड, मुळांसारखे वेडेवाकडे असतात. ते पावसाच्या तुटीबद्दल काही सांगू शकतात. पण दख्खनच्या नद्यांच्या जुन्या गाळात गोल घासलेल्या कंकरांचे थरच्या थर आहेत. ते वाहून आलेले. ज्या मातीत ते तयार झाले तिच्या हवामानाची साक्ष त्यांच्याकडे आहे, ज्या थरात सापडले त्याची नाही.

कणाचं वय आणि थराचं वय

माझा कोळसा सोडा, पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठी बोरीला ज्वालामुखीची राख आहे, तिच्यावरून मोठमोठे अभ्यासक वर्षानुवर्षं भांडले आहेत. राखेसोबत दगडी हत्यारं आहेत, म्हणून राखेचं वय मोलाचं. राखेतल्या काचेची रासायनिक जडणघडण पाहून एक गट म्हणाला, ही सुमात्रातल्या टोबाच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची. आर्गॉन पद्धतीने (खडकात साठत गेलेल्या आर्गॉन वायूवरून) कालमापन करणाऱ्यांना मात्र पावणेसात लाखांपासून जवळजवळ १४ लाख वर्षांपर्यंतची वयं मिळाली. थोडाथोडका नाही, नऊपटीहून जास्त फरक. आर्गॉनसाठी घेतलेल्या नमुन्यात जुन्या खडकाचे मोजके कण मिसळले तरी वय मागे सरकतं. उलट बाजूने, राख एकदा पडते पण नदी तिला पुन्हा पुन्हा उचलून नव्या जागी टाकू शकते.

मी कुठल्या बाजूचा, हे इथं महत्त्वाचं नाही. (चहाला भेटलात तर सांगेन.) पण नवखी मुलं यातला एक आकडा उचलतात, दुसऱ्याचा उल्लेखही करत नाहीत आणि त्यावर अख्खा प्रबंध उभा करतात, तेव्हा डोकं फिरतं. राख हातात आली की आधी तिचा तळ बघा. खालच्या थरावर ती सपाट, स्वच्छ बसली आहे, की तिच्यात वाळू, माती, गोटे मिसळलेत? या पाच मिनिटांच्या कामासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. गुडघे मात्र मळतात.

कार्बन-१४ वापरणाऱ्यांसाठी एकच हिशेब. कार्बन-१४ पार संपून गेलेल्या, लाखभर वर्षं जुन्या कोळशात १ टक्का आजचा कार्बन शिरला, तरी वय सुमारे ३७,००० येतं. एक टक्का म्हणजे केसासारखी मुळं न वेचण्याचा आळस. शंखांचं उलट असतं. समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन असतो, त्यामुळे शिंपल्याचं वय साधारण चारशे वर्षांनी जास्त दिसतं. हा फरक जागेनुसार बदलतो. पान किंवा काडी मिळत असेल तर शंखाच्या नादी लागू नका. आणि "इतक्या वर्षांपूर्वी" हे या शास्त्रात १९५० पासून मागे मोजतात, आजपासून नाही.

खाडीतला पाइप

खाडीच्या चिखलात पीव्हीसी पाइप ठोकून कोअर, म्हणजे गाळाचा उभा सलग नमुना, काढणं सोपं दिसतं, म्हणूनच त्यात सगळ्यात जास्त वाट लागते. एका गटाने ओहोटीच्या गडबडीत पाइप काढला, दोन्ही तोंडं चिकटपट्टीने बंद केली, गाडीत टाकला. वरचं टोक कुठलं हे कुणी लिहिलंच नाही. चार महिने परागकण मोजून झाल्यावर आलेख घेऊन आले: खारफुटी हळूहळू नाहीशी होत गेली! मी विचारलं, सगळ्यात खालच्या नमुन्यात सुरूचे परागकण कसे? कोकण किनाऱ्यावरची सुरूची बनं लावलेली आहेत, फार जुनी नाहीत. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पाइप उलटा होता. खारफुटी नाहीशी होत नव्हती, वाढत होती.

तेव्हापासून मी पाइप चिखलात घालण्याआधीच त्याच्यावर चारही बाजूंनी वरच्या दिशेचे बाण काढतो, पक्क्या शाईने. नंतर हात चिखलाने भरलेले असतात आणि पाणी चढत असतं. दुसरं, पाइप दीड मीटर आत गेला आणि आत गाळ एक मीटर दहाच आला, तर उरलेले चाळीस सेंटिमीटर दाबले गेलेत. बाहेर चिखल किती खाली आहे आणि पाइपच्या आत किती खाली, हे दोन्ही पाइप उपसायच्या आधी मोजा. नंतर मोजता येत नाही.

परागकणांची टक्केवारी हा आणखी एक सापळा. खारफुटीतल्या कांदळाचे परागकण वारा नेतो, म्हणून झाड भरमसाट परागकण तयार करतं. तिवरावर मधमाश्या येतात, चिप्पीच्या रात्री उमलणाऱ्या फुलांवर वटवाघळं. त्यांचा हिशेब काटकसरीचा. त्यामुळे तिवराच्या दाट बनातल्या गाळातही कांदळच वरचढ दिसू शकतो. आधी आजच्या झाडांखालचा चिखल मोजा आणि वर मान करून झाडं मोजा. हे कंटाळवाणं काम टाळून थेट पाच हजार वर्षांपूर्वीच्या किनाऱ्याचं चित्र काढणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. शिवाय टक्केवारीत एक वाढला की बाकीचे आपोआप घटतात, प्रत्यक्षात घटले नसले तरी. गाळ विरघळवण्याआधी त्यात संख्या माहीत असलेल्या बीजाणूंची गोळी टाकली की त्यांच्याशी तुलना करून परागकणांची खरी संख्या काढता येते.

फोरॅमिनिफेरांची (समुद्रातल्या सूक्ष्म एकपेशीय जीवांची) चुन्याची कवचं भरती खाडीत बरीच आतपर्यंत ओढून आणते. सगळी एकाच आकाराची आणि झिजलेली असतील तर ती पाहुणी. लहान-मोठी सगळी, धारदार, एकत्र असतील तर बहुधा तिथलीच.

बाकीच्या, पटापट

लाल थर म्हणजे वाळवंट नव्हे. कोकणातला जांभा बघा, आणि तिथला पाऊसही बघा.

एका जातीच्या एका शंखावरून तळं गोडं की खारं हे ठरवू नका.

अपेक्षा नसलेली गोष्ट फेकू नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या डायनासोरांच्या अश्मीभूत शेणात गवताचे सिलिकाकण (गवताच्या पेशींत साठणारे सूक्ष्म काचेसारखे कण) निघाले, ते २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. तोवर डायनासोरांच्या काळात गवत असल्याची धड खूण नव्हती. "गवत कसं असेल, बाहेरची भेसळ असणार" म्हणून कुणी स्लाइड पुसली असती तर?

एकाच पुराव्यावर दुष्काळ जाहीर करू नका. लोणारच्या कोअरमध्ये सुमारे ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे कोरडे काळ दिसतात. तिथं गेल्युसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक आहेत. पाणी आटून फार खारट झाल्याशिवाय ते बनत नाही. नुसते परागकण घटले असते, तर कुणी जंगलतोडीकडेही बोट दाखवलं असतं. मीठ माणूस तोडत नाही.

आणि आम्ल. एका विद्यार्थ्याने सगळाच्या सगळा नमुना परागकणांसाठी हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला. सोड्याच्या बाटलीसारखा फसफसला, त्याला फार आनंद झाला. तो फेस म्हणजे त्याचे फोरॅमिनिफेरा होते. हायड्रोफ्लोरिक आम्लात सिलिकाकणांचंही असंच होतं, आणि ते आम्ल माणसालाही सोडत नाही, त्याला एकट्याने हात लावायचा नाही. मी हल्ली नमुना लॅबमध्ये आला की आधी निम्मा वेगळ्या डब्यात काढतो, झाकणावर तारीख लिहितो आणि डबा माझ्या कपाटात ठेवतो. किल्ली माझ्याकडे.