सँडर घेताना आणि काठ घासताना या चुका टाळा

पॉलिशचा पहिला हात बसला की लाकडातली खोट वर येते. कोरडी असताना गुळगुळीत लागलेली सागवानी फळी सीलर, म्हणजे पॉलिशखालचा थर, पडताच बारीक गोल ओरखडे दाखवायला लागते. प्लायची लिपिंग, म्हणजे काठावर चिकटवलेली लाकडी पट्टी, टोकाला बसकी निघते, व्हिनियरच्या, म्हणजे वर चिकटवलेल्या पातळ लाकडी थराच्या, कडेला खालचं लाकूड डोकावतं. बोल मिस्त्रीच्या हाताला लागतो, पण बहुतेक वेळा गडबड मशीनच्या निवडीपासूनच झालेली असते. सपाटी काढणं, फिनिशिंग आणि काठ ही तीन वेगळी कामं आहेत आणि एकाच सँडरकडून, म्हणजे घासायच्या मशीनकडून, तिन्ही करून घ्यायचा हट्ट नडतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चार इंची ग्राइंडरला फ्लॅप डिस्क (पॉलिशपेपरच्या पाकळ्यांची चकती) लावून त्यालाच सँडर मानणं. ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो आणि चकती थेट शाफ्टवर असते, त्यामुळे हात जरा तिरका झाला की तिथे खड्डा पडलाच. बाभळीच्या ओबडधोबड ओंडक्याला आकार द्यायला तो चालेल, टेबलाच्या फळीला नको. रँडम ऑर्बिटल या गोल पॅडच्या सँडरची मोटरही तशीच जोरात फिरते, पण त्याचं पॅड बेअरिंगवर मोकळं असतं. ते छोट्या वर्तुळात थरथरतं आणि लाकडावर टेकल्यावर स्वतःभोवती सावकाश फिरतं. म्हणून एकाच जागी खोल चर पडत नाही.

दुकानात आपण आधी वॅट विचारतो. फिनिशिंगसाठी तो प्रश्न दुय्यम आहे. विचारायचं ते हे, की पॅड किती मिलिमीटरच्या ऑर्बिटमध्ये, म्हणजे केवढ्या वर्तुळात, हलतं. 2.4 किंवा 2.5 मिमीचा ऑर्बिट फिनिशिंगचा, 5 मिमीचा माल उतरवायचा. घरगुती फर्निचर करणाऱ्याने पहिलं मशीन म्हणून 125 मिमी पॅडचा, वेग कमी-जास्त करता येणारा, लहान ऑर्बिटचा रँडम ऑर्बिटल घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. घेण्याआधी तो हवेत चालू करून बघा. पॅड पंख्यासारखं भन्नाट फिरायला लागलं, तर ब्रेकची रबरी रिंग नीट काम करत नाही. असं मशीन लाकडावर टेकवताक्षणी चंद्रकोरीसारखा घाव घालतं. म्हणूनच रँडम ऑर्बिटल नेहमी लाकडावर ठेवून चालू करावा आणि उचलल्यावरच बंद करावा.

फिरत्या घासपट्ट्याच्या बेल्ट सँडरचं काम वेगळं. आपल्याकडे जुनी माळवदाची घरं उतरवली की सागवानाच्या तुळया आणि खांब विकायला येतात. त्यांचा वरचा काळा थर काढायला बेल्टसारखं दुसरं मशीन नाही. मात्र आधी तारेच्या ब्रशने माती झाडा आणि चुंबक फिरवून खिळे शोधा, एका खिळ्याने पट्टा उभा फाटतो. जुन्या दारांवर ऑइलपेंट असेल तर मशीन लावूच नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 पासूनच लागू आहे.

आता काठ. प्लायचा काठ 18 मिमी आणि पॅड 125 मिमी, म्हणजे मशीन त्यावर डुगडुगणारच. ते डावी-उजवीकडे कलतं आणि काठाचा चौकोन हरवून गोलवा येतो. मऊ पॅड असेल तर आणखीच, कारण फोम काठावरून खाली वाकतो. उपाय सोपा आहे. एका मापाच्या कप्प्यांच्या चार-पाच फळ्या एकावर एक न ठेवता उभे करून क्लॅम्पने एकत्र आवळा, काठ वर. आता घासायला 72-90 मिमी रुंदीची पाटी मिळाली आणि मशीन स्थिर बसलं. एकच फळी असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना टाकाऊ प्लायच्या पट्ट्या काठाशी समतल आवळा. फळीच्या सपाट भागावर काम करतानाही पॅडचा निम्म्याहून जास्त भाग कायम लाकडावर राहू द्या. व्हिनियरचा वरचा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो, तिथे कडेची शेवटची दोन बोटं जागा मशीनला देऊच नका. लाकडी ठोकळ्याला 220 नंबरचा पॉलिशपेपर (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) गुंडाळा आणि रेषेच्या दिशेने हाताने घ्या. काठाची धार मोडायलाही हाच ठोकळा.

आडव्या छेदाची बाजू, म्हणजे फळीचं कापलेलं टोक, पॉलिश जास्त पिते आणि काळपट दिसते. फळी 220 पर्यंत घासली असेल तर ती बाजू 320 पर्यंत न्या, रंग जुळतो.

आतल्या कोपऱ्यात गोल पॅड जात नाही. तिथे चौकोनी तळाचा क्वार्टर-शीट सँडर (पेपरच्या पाव तुकड्यावर चालणारा) किंवा इस्त्रीच्या टोकाचा डेल्टा सँडर लागतो.

गोल ओरखडे तरीही येत असतील तर आधी पेपरचा नंबर तपासा. 80 वरून थेट 220 वर उडी मारली की 80 चे चर तसेच राहतात, 220 त्यांना फक्त चकाकी देतो. 80, 120, 180, 220 असं चढा. प्रत्येक नंबरआधी फळीवर पेन्सिलच्या फिकट रेघा मारा आणि त्या सगळीकडून गेल्याशिवाय पेपर बदलू नका. दुसरं कारण दाब. पॅडच्या बाजूला मार्करने एक उभी रेघ ओढा. घासताना ती सावकाश फिरताना दिसली पाहिजे. थांबली तर तुम्ही मशीन दाबताय. मशीनचं वजन आणि हाताचा भार पुरतो, चाल सेकंदाला इंचभर. दाबाने उष्णता वाढते आणि वेल्क्रोचे हूक वितळतात, मग पेपर उडायला लागतात. सागवान तेलकट असल्याने पेपर लवकर भरतो, भरलेला पेपर घासत नाही, नुसता तापतो. पेपरची आणि पॅडची भोकं जुळली नसतील तर भुसा खाली अडकतो आणि तोच ओरखडतो. लांबलचक बारीक वायरीवर मशीन सुस्त चालत असेल तर वायर बदला.

भुशाकडे काणाडोळा करू नका. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते, असं कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1995 मध्ये नोंदवलं आहे. मशीनची कापडी पिशवी सगळ्यात बारीक धूळ धरत नाही. व्हॅक्यूम जोडा, तोंडाला रुमालाऐवजी एन-95 मास्क लावा आणि उन्हाळ्यात गरम होतं म्हणून तो काढून ठेवू नका.

तालुक्याच्या गावी काम असेल तर पैसे देण्याआधी स्थानिक हार्डवेअरवाल्याला विचारा, की त्या मशीनचे भोकांचे वेल्क्रो पेपर आणि जादा पॅड तो ठेवतो का. नसेल ठेवत तर क्लिपवाला क्वार्टर-शीट आधी घ्या, त्याला साधा पॉलिशपेपर कापून लावता येतो.