पाणी आणि हवामान: मुंबईतल्या कंपन्यांनी या चुका टाळा

बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना सेबीच्या नियमाने २०२२-२३ पासून बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा) अहवाल द्यावा लागतो. पाणी, वीज आणि उत्सर्जनाचे आकडे त्यातल्या सहाव्या तत्त्वाखाली येतात. मार्च संपला की आकड्यांची जमवाजमव सुरू होते, अहवाल जातो, आणि पंप, कूलिंग टॉवर, खरेदीचे करार पूर्वीसारखेच चालू राहतात. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ तिथे आहे: पाण्याचा निर्णय जो घेतो, त्याच्यासमोर पाण्याचा आकडाच नसतो.

बिलावरच्या आकड्यालाच वापर समजणं

पालिकेच्या बिलात फक्त पालिकेचं पाणी येतं. टँकरची नोंद फेऱ्या मोजून, प्रत्येकी १०,००० लिटर धरून होते. टँकर अर्धा आला तरी वहीत पूर्णच लागतो. भूमिगत टाकीत येणाऱ्या प्रत्येक नळीवर वेगळा मीटर लावा. मीटरच्या आधी नळीच्या व्यासाच्या १० पट आणि नंतर ५ पट लांबी सरळ ठेवा. नळीच्या वळणाला चिकटून लावलेला मीटर चुकीचं वाचन देतो.

घेतलेलं पाणी आणि खर्ची पडलेलं पाणी हे दोन वेगळे आकडे आहेत. घेतलेल्यातून बाहेर सोडलेलं वजा केलं की खर्ची पडलेलं मिळतं. अहवालाच्या दोन्ही रकान्यांत एकच आकडा दिसला, तर सांडपाण्याच्या नळीवर मीटर नाही हे समजून जा.

गळती शोधायला रात्री २ ते ६ गच्चीवरच्या टाकीत येणारं पाणी बंद करा आणि पातळीवर खूण करा. टाकीचा तळ १० चौरस मीटर असेल आणि पातळी २ सेंटीमीटर उतरली, तर चार तासांत २०० लिटर गेले. इमारत रिकामी असताना हे झालं, तर वर्षाला ४३८ किलोलिटर. बहुतेक वेळा चोर फ्लश टाकीतली झिजलेली रबरी वायसर असते.

कूलिंग टॉवर रसायन पुरवणाऱ्यावर सोडून देणं

मोठ्या कार्यालयात आणि मॉलमध्ये सगळ्यात जास्त पाणी इथे जातं, म्हणून थोडं खोलात जाऊ. ५०० टन क्षमतेचा चिलर (एसीचं पाणी थंड करणारं यंत्र) पूर्ण भारावर चालला की त्याची उष्णता बाहेर टाकणाऱ्या टॉवरमधून तासाला सुमारे २.९ किलोलिटर पाण्याची वाफ होते. मागे राहिलेले क्षार घट्ट होतात, म्हणून थोडं पाणी सोडून द्यावं लागतं. त्याला ब्लोडाउन म्हणतात. क्षार मूळच्या तिप्पट झाले की पाणी सोडलं तर ब्लोडाउन तासाला १.४५ किलोलिटर, सहापटीपर्यंत थांबलं तर ०.५८. फरक ८७० लिटरचा. दहा तासांत जवळजवळ एक टँकर.

तलावांचं पाणी हलकं असल्यामुळे सहापट गाठता येते. त्याच टाकीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी मिसळलं की गणित बिघडतं: ते पाणी जड असल्यामुळे नळ्यांवर थर बसतो, किनाऱ्याजवळच्या क्लोराइडमुळे स्टीललाही खड्डे पडतात. दोन पाण्यांच्या टाक्या वेगळ्या ठेवा. ब्लोडाउनची झडप घड्याळाच्या हिशेबाने न चालवता क्षारतेच्या मापकावर चालवा आणि मापकाचं टोक दर आठवड्याला साफ करा. एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं) पाणी थेट टॉवरला देऊ नका. त्यातला अमोनिया तांब्याच्या नळ्या खातो, फॉस्फेटमुळे शेवाळ माजतं.

पाणी वाचवायचं म्हणून एअर-कूल्ड (पाण्याऐवजी हवेने थंड होणारा) चिलर घ्यायचा विचार असेल, तर वाढणारी वीजही मांडा. ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड जातो.

एसीचा गॅस हिशेबात न धरणं

डिझेलची नोंद सगळे ठेवतात. देखभाल करारात भरलेला गॅस मात्र विसरला जातो. आर-४१०ए चा १० किलो गॅस गळला, तर सुमारे २१ टन कार्बन डायऑक्साइडएवढा परिणाम होतो. तेवढ्यासाठी जवळपास ७,८०० लिटर डिझेल जाळावं लागेल. प्रत्येक सर्व्हिस चिठ्ठीवर भरलेलं वजन लिहून घ्या.

पूर आल्यावर पुराचा विचार करणं

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या होत्या. त्या सुधारण्याच्या पालिकेच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पाचं लक्ष्य तासाला ५० मिलिमीटर. भरतीच्या वेळी समुद्रात उघडणारी अनेक तोंडं पाण्याखाली जातात आणि पाणी उलटं फिरतं. तळघरात ते बऱ्याचदा दारातून न येता तुमच्याच नाल्यातून वर येतं. तिथे उलट प्रवाह रोखणारी झडप हवीच.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे उपसा पंपाचा पॅनल त्याच तळघरात ठेवणं. पाणी भरलं की आधी तोच जातो. पॅनल वरच्या मजल्यावर न्या, भूमिगत टाकीचं झाकण जलरोधक करा, तिची हवेची आणि ओव्हरफ्लोची नळी मागच्या पुराच्या खुणेच्या वर घ्या. मे महिन्यात पंप खरं पाणी सोडून अर्धा तास चालवून बघा.

भलत्याच खोऱ्यात भरपाई

कार्बन कुठेही कमी केला तरी हवा एकच. पाण्याचं तसं नसतं. बीडमधला बंधारा तिथल्या शेतकऱ्याच्या कामाचा आहे, जरूर बांधा. पण त्याने मुंबईला पाणी देणारा भातसा किंवा तानसा तलाव भरत नाही. ज्या खोऱ्यातून पाणी घेता तिथलीच भरपाई मोजा. उलाढालीच्या रुपयामागे पाणी कमी झालं यावरही खूश होऊ नका, नुसती महागाई वाढली तरी तो आकडा सुधारतो. दर माणशी किंवा दर टन मालामागे मोजा.

पुरवठादारांना न विचारणं

मुख्यालय वांद्र्यात, पण माल महाड, तारापूर, तळोजा इथून. जुलै २०२१ मध्ये महाड पुरात बुडालं. करार करताना विचारा: पाणी कुठून घेता, ते बंद झालं तर किती दिवस काम चालेल, कच्चा माल जमिनीपासून किती उंचीवर ठेवता?

पालिकेच्या दरावर परतावा काढणं

पाण्याच्या पुनर्वापराचा प्रस्ताव फायनान्सकडे जातो आणि परत येतो, कारण वाचलेलं पाणी पालिकेच्या दराने मोजलेलं असतं. वाचतो तो सगळ्यात महाग लिटर, म्हणजे टँकरचा. त्यात शुद्धीकरण, उपसा आणि काम बंद राहिल्याचा दिवस मिळवा. मे-जून २०२४ मध्ये आधी ५ आणि मग १० टक्के पाणीकपात झाली. एप्रिल २०२५ मध्ये टँकरचालकांचा संप झाला.

सातही तलाव भरले की साठा सुमारे १४.४७ लाख दशलक्ष लिटर होतो. १ ऑक्टोबरला तो किती आहे हे बघून फॅसिलिटी, खरेदी आणि फायनान्स यांची एकत्र बैठक लावा. तूट दिसली तर टॉवरची दुरुस्ती आणि मीटरची खरेदी डिसेंबरआधी उरका. मार्चनंतर टँकरच्या रांगेत उभं राहून ही कामं होत नाहीत.