घरावर लोन अन् चारी बाजूंनी देणं: नोटीस आल्यावर या चुका टाळा

तालुक्याच्या गावात माझं झेरॉक्स अन् ऑनलाइनचं छोटंसं सेंटर आहे, सातबारा, पीक विमा, केवायसी असली कामं. पण गेल्या काही वर्षांत लोक पिशवीत पाकिटं घेऊन येतात अन् म्हणतात, भाऊ जरा वाचून सांगा यात काय लिहिलंय. मागच्या दिवाळीच्या आधी एक कास्तकार आला, रजिस्टर पोस्टाचं पाकीट, फोडलेलंच नव्हतं, वर कुंकवाचा डाग, म्हणजे आल्यापासून देव्हाऱ्यात ठेवलेलं. फोडलं तर घराच्या लोनची १३(२) ची नोटीस, म्हणजे ६० दिवसांत सगळं लोन भरा म्हणून, अन् त्या ६० पैकी ५२ दिवस गेलेले.

मी वकील नाही, हे आधीच सांगतो. पण असली पाकिटं बरीच वाचली, अन् आमच्या मोठ्या काकांचं घर या चक्करमधून गेलं, तेव्हा कुठं चुकतं ते जवळून पाह्यलं.

पाकीट न फोडणं ही पहिली चूक

हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत धरलेलं, होते. त्यानंतर बँक किंवा हाउसिंग फायनान्सवाले २००२ च्या सरफेसी कायद्याखाली १३(२) ची नोटीस काढतात, ६० दिवसांत सगळं भरा म्हणून, नुसती थकबाकी नाही, पूर्ण लोन. पोस्टमनला "घरी कोणी नाही" सांगून परत पाठवलं तरी फायदा नाही, बजावणी झाली असंच धरतात. या ६० दिवसांत तुम्ही लेखी हरकत देऊ शकता, हिशोब चुकला असेल, भरलेले हप्ते धरले नसतील, जे असेल ते, अन् बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागते. पत्र दोन प्रतीत न्या अन् आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या. साहेबाच्या टेबलावर नुसतं ठेवून आलात तर ते पत्र दिलंच नाही असं समजा.

मुदत संपली की ताब्याची नोटीस दारावर चिकटते, दोन पेपरात छापून येते, अन् गरज पडली तर कलेक्टरचा आदेश घेऊन पोलीस बंदोबस्तात ताबा. ताब्याच्या कारवाईविरुद्ध दाद मागायची तर ४५ दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, आपल्या विदर्भातल्यांसाठी ते नागपूरला. बरेच जण तालुका कोर्टात स्टे घ्यायला पळतात, तिथं हे चालत नाही, वकिलाची फी जाते अन् दिवसही जातात. आणखी एक, एनपीए झाल्यावर एखादा हप्ता भरला म्हणजे खातं सुधरत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते.

जो ओरडतो त्याला आधी देणं

खरं घर जाते ते इथं. काकांचं सांगतो. लोन नऊ लाखाचं, १५ वर्षांचं, हप्ता ९,७०० च्या आसपास. शिवाय सावकाराचे दीड लाख, कृषी केंद्राची उधारी, काकूच्या बचत गटाचे हप्ते, अन् पोरानं मोबाईलवरून घेतलेलं एक ॲपचं लोन. त्या वर्षी कापसाचा चुकारा हातात आला, लाखाच्या वर. काकांनी आधी सावकाराला दिले कारण तो पारावर बसून चारचौघांत बोलायचा, मग कृषी केंद्राला कारण पुढच्या हंगामात बियाणं-खत त्याच्याकडूनच, मग ॲपवाल्याला कारण त्यानं पाहुण्यांना फोन लावले, अन् घराच्या लोनला शेवटी उरले चार हजार. फायनान्सवाले काही ओरडले नव्हते ना, त्यांनी फक्त पाकीट पाठवलं.

आता बघा राजेहो, यातला कोण काय घेऊ शकत होता. उधारीवाला, ॲपवाला कोर्टात गेला अन् त्याला डिक्री, म्हणजे वसुलीचा हुकूम, मिळाली तरी कास्तकार राहतो ते घर, त्याची शेतीची अवजारं, बैलं, बियाणं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नं जप्तीतून सुटलेलं आहे. पण जे घर तुम्ही स्वतः सही करून गहाण ठेवलं ते गहाणवाल्यासमोर सुटत नाही. म्हणजे घराला हात लावू शकणारा एकच होता अन् त्यालाच शेवटी. एका कागदावर तीन रकाने पाडा, कोणाचं किती, व्याज किती, अन् त्याच्याकडे माझं काय अडकलंय. तिसरा रकाना बघून पैसे वाटा. गटाचं मात्र तसं सोपं नाही हे मीही मानतो, तिथं गहाण काही नसते पण हप्ता चुकला की बाकीच्या बाया दारात येऊन बसतात, त्यांची इज्जत अन् आपली एकाच गावात.

हप्त्यासाठी सावकार

काकांचे तीन हप्ते थकले, २९ हजार, म्हणून त्यांनी सावकाराकडून शेकडा पाचनं ३० हजार उचलले. शेकडा पाच म्हणजे महिन्याला १,५०० नुसतं व्याज, वर्षाला ६० टक्के, अन् घराचं लोन दहा टक्क्याचं. स्वस्त कर्ज फेडायला सहापट महाग कर्ज, अन् चौथा हप्ता तर पुढच्या महिन्यात उभाच. महाराष्ट्रात सावकारीचा २०१४ चा कायदा आहे, शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ अन् बिनतारण १२ टक्क्यांच्या वर परवानाधारक सावकारही लावू शकत नाही, अन् बिनपरवान्याचा तर धंदाच गुन्हा. सगळ्यात वाईट म्हणजे "फक्त हमी म्हणून" वावराचं खरेदीखत करून देणं. ते कधीच नका करू. केलं असेल अन् १५ वर्षांच्या आतलं असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडं तक्रार करा, चौकशीत सावकारी निघाली तर जमीन परत मिळू शकते.

कर्जमाफीची वाट पाहणं. २०१७ ला दीड लाखापर्यंत झाली, २०१९ ला दोन लाखापर्यंत, दोन्ही शेतीच्या कर्जाच्या होत्या. घराचं लोन त्यात कधीच नव्हतं, निवडणुकीत कोणी काहीही बोलो.

घर बायकोच्या नाहीतर साळ्याच्या नावानं करून टाकणं. बोजा घरावर आहे, नाव बदललं तरी बोजा घरासोबत जाते. वरून घेणेकऱ्याला बुडवायला केलं असं ठरलं तर तो व्यवहारच रद्द होऊ शकतो, म्हणजे स्टॅम्प ड्युटी गेली अन् साळ्याशी भांडण फुकटात.

"दिवाळं काढतो, सगळं माफ"

हे यूट्यूबवरून आलेलं खूळ आहे. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यातला साध्या माणसांचा भाग तुमच्या-माझ्यासाठी लागूच झालेला नाही, कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता तो २०१९ पासून चालू आहे. आपल्याला आजही १९२० चा जुना नादारीचा कायदा, जिल्हा कोर्टात अर्ज. त्यातही गहाणवाला बाहेरच राहते, तो आपलं गहाण विकून वसूल करू शकते. म्हणून नादारीनं घर वाचते असं कोणी सांगत असेल तर आधी फी किती घेतो ते विचारा.

वसुलीवाल्याच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका. सकाळी ८ च्या आधी अन् संध्याकाळी ७ नंतर त्यानं फोन करायचा नाही असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. पावतीशिवाय रोख देऊ नका. "चार लाखात मिटवतो" म्हणाला तर एकरकमी तडजोडीचं पत्र लेटरहेडवर मागा, नंतरच पैसे. सिबिलला "सेटल्ड" शेरा राहते, पण घरापुढं तो शेरा मला लहान वाटते. बँकेकडून लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येते, माहितीसाठी १४४४८; हाउसिंग फायनान्सवाल्यांची तक्रार मात्र नॅशनल हाउसिंग बँकेकडं. पतसंस्थेचं लोन असेल तर रस्ता वेगळा, तिथं सहकार कायद्याच्या १०१ खाली वसुली दाखला निघते. त्याच्या सुनावणीला हजर राहाच, कारण नंतर त्याविरुद्ध वर जायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

अन् विकायचंच असेल तर लिलावाच्या आधी स्वतः विका. काकांनी शेवटी तेच केलं, फायनान्सवाल्यांकडून लेखी घेऊन गिऱ्हाईक शोधलं, लोन फिटून थोडे हाती उरले, आता गावठाणातल्या जुन्या घरात राहतात. काकू अजून त्या रस्त्यानं जात नाही. रात्री झोप येत नसेल, नको ते विचार येत असतील तर १४४१६ टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. फुकट वकिलासाठी १५१००.

तो देव्हाऱ्यावाला कास्तकार, त्याचं उत्तर आम्ही त्याच रात्री टाईप केलं, दोन हप्ते जमा न धरल्याचं निघालं, आता बोलणी सुरू आहेत. परवा दुसरं पाकीट घेऊन आला, या वेळी फोडलेलं, पण असं टरकावलेलं की पोस्टाचा शिक्काच अर्धा गेला. तारीख त्यावरच असते बापा, बाजूनं कात्रीनं कापा अन् पाकीटही नोटिशीला टाचून ठेवा.