पूल खेळताना चुकून बॉल हलला तर काय करायचं

लातूर, नांदेड, संभाजीनगर, कुठल्याही पूल पार्लरला संध्याकाळी जा, शॉटवरून वाद कमी आणि "तुझा हात लागला", "नाही लागला" यावरून जास्त. त्यात हरणाऱ्यानं टेबलचे पैसे द्यायचे असतात, मग तर कोणी ऐकूनच घेत नाही. नियम लै सोपा आहे खरं तर, पण बऱ्याच पोरांनी तो अर्धाच ऐकलेला असतो, म्हणून नीट लिहायलोय.

पहिली गोष्ट, व्हाईटचा, म्हणजे क्यूनं (खेळायच्या काठीनं) ज्याला मारतात त्या पांढऱ्या बॉलचा, हिशोब वेगळा आणि बाकीच्या बॉलचा वेगळा. व्हाईटला शॉट मारताना क्यूची टीप, म्हणजे पुढचं टोक, लागते तेवढीच चालते, बाकी हात, बाही, क्यूची दांडी, चॉक, केस, काहीही लागलं की फाऊल. हलला का नाही हलला हे बघायचंच नाही. "टेकला फक्त, जागचा हलला कुठं" असं म्हणून पोरं लै वाद घालतात पण त्याला अर्थ नाही, शिवला म्हणजे फाऊल. शॉटच्या आधी क्यू मागंपुढं करताना टीप व्हाईटला नुसती टेकली तरी फाऊलच. समोरच्याला बॉल इन हँड, म्हणजे व्हाईट टेबलवर पाहिजे तिथं ठेवून खेळायचं.

आता बाकीचे बॉल. डब्ल्यूपीए म्हणजे पूलच्या जागतिक संघटनेचे जे नियम आहेत त्यात रेफ्री उभा असेल तर कुठलाही बॉल अंगानं, कपड्यानं, क्यूनं शिवला की फाऊल. पण रेफ्री नसेल तर फक्त व्हाईटचे फाऊल धरून खेळता येतं, त्याला क्यू बॉल फाऊल ओन्ली म्हणतात, आणि आपल्याकडं पार्लरला हेच बरं पडतं. मार्कर असतो की, असं म्हणाल, पण मार्कर बिचारा चार टेबलांचा टाईम लिहितो, बॉल लावून देतो, मधेच चहाचं बघतो, त्याला तुमच्या करंगळीचा न्याय करायला लावू नका. ब्रेकच्या, म्हणजे गेमच्या पहिल्या शॉटच्या, आधीच दोघांनी बोलून घ्या, सगळे फाऊल धरायचे का फक्त व्हाईटचे. एका वेळेला दोन-तीन बॉल हलले तर काय, तेही तेव्हाच ठरवा. एका मिनिटाचं काम आहे, आणि पुढची सगळी कटकट वाचते.

समजा फक्त व्हाईटचे फाऊल धरलेत. तुमचा पाच नंबर कोपऱ्याच्या पॉकेटपाशी आहे आणि व्हाईटच्या मागं समोरच्याचा अकरा एकदम जवळ बसलाय. तुम्ही बोटांवर हात उंच करून अकराच्या वरून क्यू घेतला, शॉट बसला, पाच आत गेला, आणि हात मागं ओढताना करंगळी लागून अकरा दोन बोटं सरकला. इथंच थांबायचं. हात बाजूला घ्या आणि लगेच तोंडानं सांगा, "अकरा हलला माझ्याकडनं". समोरचा मोबाईलमधे बघत असला तरी सांगा, उलट तेव्हा तर जास्तच मोठ्यानं सांगा, कारण तिथं रेफ्री तुम्हीच आहात. आणि अकराला हात लावू नका! बरीच चांगली पोरं इथं चुकतात, मनात काही नसतं पण गडबडीत "सॉरी सॉरी" करत बॉल उचलून अंदाजानं मागं ठेवून देतात, आणि समोरच्याला वाटतं ह्यानं आपल्या सोयीनं ठेवला. बॉल जिथं गेलाय तिथंच राहू द्यायचा का परत जागेवर ठेवायचा हे समोरचा ठरवणार, तुम्ही नाही. त्याला नव्या जागेवरून चांगला अँगल मिळत असेल तर तो म्हणेल राहू दे, हा त्याचा हक्क आहे. परत ठेवायचा म्हणला तर दोघांनी मिळून, दोन बाजूंनी बघून, दोघांना पटेल तिथं ठेवायचा. मग तुमची पाळी चालू, फाऊल नाही.

पण त्याला न विचारताच तुम्ही पुढचा शॉट मारला तर तो फाऊल, बॉल इन हँड जाणार. आणि अजून एक, शॉट चालू असताना अकरा सरकला आणि कुशनवरून, म्हणजे टेबलच्या कडेवर आपटून, परत येणारा व्हाईट किंवा दुसरा कुठला बॉल अकराच्या जुन्या जागेवरून गेला, किंवा सरकलेला अकराच जाऊन दुसऱ्याला लागला, तर शॉटचा निकालच बदलला, सरळ फाऊल धरायचा. "तसा पण पॉट झालाच असता" हे बोलायचं नाही.

उलट बाजूनं बघा. समोरच्याच्या हातून बॉल हलला आणि तुम्ही बघितलं, तर तिथल्या तिथं, पुढचा शॉट सुरू व्हायच्या आत बोला. पुढचा शॉट सुरू झाला की नियमानं तो फाऊल झालाच नाही असं धरतात. गेम हरल्यावर काउंटरपाशी जाऊन "मघाशी तुझी बाही लागलती" म्हणणं बरोबर नाही, मग ती खरंच लागलेली असू दे. तसंच दबक्या आवाजात, चिडून नाही, "भाऊ, बाही लागली का बघ" एवढं म्हणलं तरी भागतं. नक्की दिसलं नसेल तर त्याचा शब्द मानायचा आणि खेळायचं.

मुद्दाम हात घालणं ही मात्र वेगळी गोष्ट, तिला चूक म्हणू नका. व्हाईट पॉकेटकडं चाललाय, आता जाणारच म्हणून हातानं मधेच अडवून उचलून घेणं आपल्याकडं सर्रास चालतं, "फाऊलच आहे ना शेवटी" म्हणत. फाऊल आहे पण बॉल अजून फिरायलेत, त्यांना थांबेपर्यंत फिरू द्यायचं. मुद्दाम बॉल अडवणं नियमात गैरवर्तन धरतात, रेफ्री त्यासाठी गेमसुद्धा काढून घेऊ शकतो.

हलूच नये म्हणून काय करायचं तेही सांगतो. क्लासवरून सरळ पार्लरला येणारी पोरं गळ्यात आयडी कार्ड तसंच ठेवून वाकतात, दोरी लोंबते आणि कार्ड बरोबर बॉलवर घासतं, आधी काढून खिशात टाका. हूडीच्या दोऱ्या, गळ्यातला रुमाल, सैल शर्ट, हातातलं कडं, सगळ्याचं तेच. बॉलच्या वरून ब्रिज केला असेल, म्हणजे क्यू टेकवायला हात ठेवला असेल, तर शॉट झाल्यावर हात मागं ओढू नका, बॉल थांबेपर्यंत तसाच ठेवा आणि मग सरळ वर उचला. लांबचा शॉट असेल तर टेबलवर झोपण्यापेक्षा रेस्ट (क्यू टेकवायची लांब काठी) घ्या, ताणून घेताना दोन्ही पाय जमिनीवरून उचलले तर तो पण फाऊलच आहे.

स्नूकर खेळायला गेलात तर तिथं फक्त व्हाईटचे फाऊल धरायची ही सूट नाही बरं का. कुठलाही बॉल शिवला की फाऊल, कमीत कमी चार पॉइंट, निळ्याला पाच, गुलाबीला सहा, काळ्याला सात. चांगले स्नूकरवाले स्वतःचा फाऊल स्वतःच सांगतात, कोणी बघितलेला नसला तरी, आणि पूलवाल्यांनी हे त्यांच्याकडनं घ्यावंच.

राहिलं ज्यात कोणाचीच चूक नाही ते. पॉकेटच्या तोंडाशी थांबलेला बॉल पाच सेकंद किंवा जास्त स्थिर राहून मग आपोआप आत पडला तर तो पॉट धरत नाहीत, परत जागेवर ठेवतात. मागून जाणाऱ्याचा धक्का लागून बॉल हलले तर तुमचा फाऊल नाही, होते तसे लावायचे, आणि शॉट चालू असताना होऊन निकाल बदलला असेल तर शॉट परत. शॉट मारताना लाईट गेली, आपल्याकडं जातेच, तर सगळ्यांनी टेबलापासून मागं सरायचं, अंधारात कोणी चाचपायचं नाही, लाईट आल्यावर बॉल कुठं होते ते दोघांनी मिळून बघायचं. नाहीच जमलं जागेवर लावायला तर रॅक नव्यानं, म्हणजे सगळे बॉल पहिल्यापासून लावायचे, आणि ब्रेक ज्यानं आधी केलता त्याचाच.