चोबानु कुठला? एका रोमानियन आडनावाचा माग कसा काढावा

रोमानियन भाषेत 'चोबान' म्हणजे मेंढपाळ आणि 'चोबानु' म्हणजे 'तो मेंढपाळ'. गावात चार गणपत असले की आपल्याकडे एकाला 'मेंढरंवाला गणपत' म्हणतात, तसंच तिथे एका इओनला 'इओन चोबानु' म्हणू लागले. पुढे ते नाव मुला-नातवंडांना चिकटलं, सरकारी वहीत चढलं आणि आडनाव झालं. आज ते रोमानिया आणि मोल्डोवातल्या नेहमीच्या आडनावांपैकी एक आहे. कामाच्या शोधात बाहेर पडलेल्या माणसांबरोबर ते इटली, स्पेन, इंग्लंड, कॅनडापर्यंत पोचलं आहे.

अशा आडनावाचं मूळ आणि आजचा पसारा घरबसल्या कसा शोधायचा, ते चोबानुच्याच उदाहरणाने सांगतो. लोहार, चाकवाला, शिंपी अशा कुठल्याही रोमानियन व्यवसायनामाला हीच रीत लागू पडते. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगायला हवी. बहुतेक जण आधी आडनावांचा नकाशा उघडतात आणि तिथेच फसतात. नकाशा शेवटी उघडायचा. सुरुवात शब्दापासून करायची.

पायरी 1: शब्द सोडवा

रोमानियन भाषेचा 'देक्सऑनलाईन' हा कोश इंटरनेटवर मोफत आहे. त्यात शब्दाचा अर्थ आणि व्युत्पत्ती दोन्ही मिळतात. आडनाव जसंच्या तसं शोधलं तर बऱ्याचदा हाती काही लागत नाही, कारण शेवटचा 'उ' हा मूळ शब्दाचा भाग नसतो. रोमानियनमध्ये 'तो अमुक' म्हणायला शब्दाच्या शेवटी 'उल' जोडतात आणि बोलताना त्यातला 'ल' गळतो. म्हणून 'चोबानुल'चं 'चोबानु' होतं. तो 'उ' काढा, मग कोशात शोधा.

'चोबान' हा शब्द रोमानियनने तुर्कीतून घेतला. आजच्या रोमानियाच्या मुळाशी असलेली वालाकिया आणि मोल्दाविया ही दोन संस्थानं कित्येक शतकं ऑटोमन सुलतानाच्या अंमलाखाली होती, त्या काळात असे पुष्कळ शब्द आले. तुर्कीत तो आला फारसीतून. फारसीत मेंढपाळाला आजही 'चूपान' म्हणतात आणि काश्मीरमधले मेंढपाळ 'चोपान' म्हणून ओळखले जातात. डॅन्यूब नदीच्या काठचा चोबानु आणि काश्मीरच्या कुरणातला चोपान यांचं रक्ताचं काही नातं नाही, पण दोघांना हाक मारणारा शब्द एकच आहे. मला या सगळ्या शोधात हीच गोष्ट सर्वांत जास्त भावली.

पायरी 2: त्याच धंद्याची इतर आडनावं शेजारी मांडा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मुलूख ओळखायला हिच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा होत नाही. मेंढ्या सगळ्या रोमानियात होत्या, पण मेंढपाळाला सगळीकडे एकच शब्द नव्हता. दक्षिणेला आणि पूर्वेला 'चोबान' चालतो. मध्य रोमानियातल्या ट्रान्सिल्वानियाच्या बऱ्याच भागात, पश्चिमेच्या बानातमध्ये आणि उत्तरेच्या मारामुरेशमध्ये जुना शब्द 'पकुरार'. तो थेट लॅटिनमधून उतरलेला आहे, आणि त्याच्या मुळाशी असलेला लॅटिन 'पेकुस' हा आपल्या 'पशु' शब्दाचा सख्खा भाऊ. त्यावरून पकुरार आणि पकुरारिउ ही आडनावं झाली. मेंढवाड्यावरचा मुख्य माणूस, जो चीज बनवतो आणि हिशेब ठेवतो, तो 'बाच'. त्याचं आडनाव बाचु. डोंगरी मुलखातला मेंढपाळ 'मोकान', त्याचं मोकानु.

आपल्याकडच्या धनगरांसारखेच हे लोक ऋतूप्रमाणे कळप घेऊन फिरत. सिबिउ शहराजवळच्या डोंगरी गावांमधले मेंढपाळ हिवाळ्यात डॅन्यूबच्या सखल भागात, काळ्या समुद्रालगतच्या दोब्रोजात उतरत. 19व्या शतकात त्यांच्यातले काही पार क्रिमियापर्यंत गेले. ही फिरस्तीची परंपरा युनेस्कोच्या यादीत आहे आणि 2023 मध्ये इतर देशांबरोबर रोमानियाचंही नाव त्यात आलं. तेव्हा कॉन्स्तांत्सासारख्या समुद्रकाठच्या शहरात मेंढपाळी आडनाव सापडलं, तर घराणं तिथलंच असेल असं धरून चालू नका. ते डोंगरातून उतरलेलं असू शकतं.

याच पायरीवर फसवे जुळेही वेगळे काढून ठेवा. 'चोबोतारु' दिसायला चोबानुचा भाऊ वाटतो, पण 'चोबोता' म्हणजे बूट. चोबोतारु हा मोची, त्याचा मेंढ्यांशी संबंध नाही. 'पकुरार'लाही दुसरा अर्थ आहे: 'पाकुरा' म्हणजे जाड काळं तेल, आणि ते विकणाराही पकुरारच. अशा वेळी गावात कुठला धंदा चालत होता, हे पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

पायरी 3: सगळी स्पेलिंगं लिहून काढा

एक कोरा कागद घ्या आणि वेगवेगळ्या देशांच्या कारकुनांनी हे नाव कसं लिहिलं असेल, त्याची यादी करा. रोमानियन स्पेलिंग आहे सी-आय-ओ-बी-ए-एन-यू. इटालियनप्रमाणेच रोमानियनमध्येही 'सी-आय-ओ'चा उच्चार 'चो' होतो. म्हणून इटलीत या माणसाला कुणीही बरोबर 'चोबानु' म्हणतं. इंग्रजी वाचणारा मात्र 'सियोबानू' म्हणतो आणि स्पॅनिश माणूस आणखीच वेगळं.

1918 पूर्वी ट्रान्सिल्वानिया हंगेरीच्या राज्यात होता. हंगेरियनमध्ये 'च'साठी 'सी-एस' लिहितात, त्यामुळे तिथल्या नोंदवहीत नाव सी-एसखाली शोधायचं. उत्तरेकडचा बुकोविना प्रांत ऑस्ट्रियाकडे होता. जर्मन वळणाच्या कारकुनाने 'टी-एस-सी-एच' लिहिलं असेल, पोलिश वळणाच्याने 'सी-झेड'.

बेसाराबिया, म्हणजे आजच्या मोल्डोवाचा मोठा भाग, 1812 मध्ये रशियाने घेतला. 1918 ते 1940 तो रोमानियात होता, पुढे सोव्हिएत संघात गेला. त्या काळात मोल्डोवात रोमानियन भाषा सिरिलिक लिपीत लिहीत. 31 ऑगस्ट 1989 च्या कायद्याने लॅटिन लिपी परत आली. या उलथापालथीत नावाची दोन-तीन रूपं रुळली: चोबानु, चोबान आणि चेबान. मोल्डोवाची राजधानी किशिनाउचे 2019 पासूनचे महापौर इओन चेबान यांच्या आडनावात हाच मेंढपाळ आहे. युक्रेनियन आणि रशियनमध्ये मेंढपाळाला 'चाबान' म्हणतात, म्हणून चाबान, चाबानेंको, चेबानोव अशीही आडनावं भेटतात. त्यांचा शब्द तोच, पण घर रोमानियन असेलच असं नाही.

दोन बारीक गोष्टी लक्षात ठेवा. रोमानियन आडनाव बाईचं आणि पुरुषाचं सारखंच राहतं. म्हणून 'चेबानोवा' असं रूप दिसलं, तर नाव रशियन पद्धतीने नोंदवलेलं आहे हे ओळखायचं. दुसरी गोष्ट, रोमानियात सरकारी कागदावर आडनाव आधी लिहायची सवय आहे, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखी. परदेशी कारकुनाने त्यालाच पहिलं नाव समजून नोंदवलं असेल, तर नाव उलटं करूनही शोधून पाहा.

पायरी 4: आडनाव कायम कधी झालं ते तपासा

1700 सालच्या एखाद्या कागदावर 'इओन चोबानु' सापडला म्हणून हुरळून जाऊ नका. त्या वेळी तो शब्द बहुधा नुसता धंदा सांगत होता. इओनचा मुलगा सुतार झाला असता, तर त्याला दुसऱ्याच नावाने ओळखलं असतं. रोमानियात 1865 च्या नागरी संहितेपासून जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी सुरू झाल्या आणि 1895 च्या नावविषयक कायद्याने आडनाव पक्कं झालं. हंगेरीच्या ताब्यातल्या ट्रान्सिल्वानियातही नागरी नोंदणी 1 ऑक्टोबर 1895 लाच सुरू झाली. त्याआधीचा शोध चर्चच्या वह्यांत घ्यावा लागतो. जुन्या वह्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या जिल्हा शाखांमध्ये ठेवलेल्या असतात.

यातून निघणारी गोष्ट महत्त्वाची आहे. हे आडनाव शेकडो गावांत आपापलं, स्वतंत्रपणे जन्माला आलं. दोन चोबानु एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही. 'सगळे चोबानु एका मूळ पुरुषाचे' असं सांगणारा तक्ता कुणी विकायला आणला, तर घेऊ नका.

पायरी 5: कुठल्या लाटेबरोबर नाव बाहेर गेलं ते ठरवा

पहिली मोठी लाट 19व्या शतकाच्या अखेरीपासून पहिल्या महायुद्धापर्यंतची. ट्रान्सिल्वानिया, बानात आणि बुकोविनातले शेतकरी अमेरिकेत ओहायो, पेनसिल्वेनिया, इंडियानाच्या पोलाद कारखान्यांत गेले. त्यांच्या तोंडी एक वाक्प्रचार होता: 'मिया शी द्रुमुल', म्हणजे हजार डॉलर आणि परतीचं भाडं. तेवढं जमलं की गावी परत जायचं आणि जमीन घ्यायची. पुष्कळ जण परत गेले, पुष्कळ राहिले. क्लीव्हलँडमध्ये 1904 साली रोमानियन ऑर्थोडॉक्स चर्चची स्थापना झाली. कॅनडात बुकोविनाच्या लोकांनी शेतजमिनी घेतल्या आणि अल्बर्टातल्या एका वस्तीला आपल्या गावाचंच, बोयानचं, नाव दिलं.

या लाटेतल्या माणसाचा देश जहाजाच्या यादीत 'हंगेरी' किंवा 'ऑस्ट्रिया' असा दिसतो. नुसतं 'रोमानिया' शोधलं तर तो सापडत नाही. 1899 पासून अमेरिकेच्या यादीत 'वंश किंवा जनसमूह' असा वेगळा रकाना आला. तो वाचायचा. न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंड या तपासणी केंद्रावर कारकुनांनी नावं बदलली असं सर्रास सांगितलं जातं, पण तिथले कारकून निघण्याच्या बंदरावर तयार झालेल्या याद्यांवरूनच काम करत. नावं बदलली ती बहुतेकदा नंतर, त्या माणसांनी स्वतः, नव्या गावात रुळताना.

दुसरी लाट आपल्या डोळ्यांसमोरची. 1 जानेवारी 2002 पासून रोमानियन माणसाला शेंगेन देशांत (आपापसांतल्या सरहद्दीवरची तपासणी उठवलेल्या युरोपीय देशांत) व्हिसाशिवाय जाता येऊ लागलं आणि 1 जानेवारी 2007 ला रोमानिया युरोपीय संघात आला. इटलीत आज 10 लाखांहून जास्त रोमानियन आहेत. तिथल्या परदेशी समाजांत तो सर्वांत मोठा. स्पेनमध्ये कास्तेयोन आणि माद्रिदजवळचं अल्काला दे एनारेस ही त्यांची जुनी ठिकाणं. इंग्लंड-वेल्समध्ये रोमानियात जन्मलेले लोक 2011 मध्ये सुमारे 80 हजार होते, 2021 च्या जनगणनेत ते 5 लाख 39 हजारांवर गेले. या लाटेत मोल्डोवाचे लोकही असतात, कारण त्यांच्यापैकी पुष्कळांनी रोमानियन नागरिकत्व घेतलं आहे. पासपोर्ट रोमानियाचा आणि गाव मोल्डोवातल्या नीस्त्रु नदीकाठचं, असं सहज असू शकतं.

पायरी 6: आता नकाशा उघडा

प्रत्येक नकाशाच्या मागे कुठली यादी आहे, हे आधी वाचा. फ्रान्सचा प्रसिद्ध आडनाव-नकाशा 1891 ते 1990 या काळातल्या जन्मांवर बेतलेला आहे, त्यामुळे 1990 नंतर आलेले रोमानियन त्यात दिसणारच नाहीत. जर्मनीत माइन्त्सच्या अकादमीचा आडनावांचा डिजिटल कोश फार चांगला आहे, परदेशी आडनावांचा अर्थही देतो. मात्र त्याचे आकडे 2005 च्या घरगुती फोनवरून घेतलेले आहेत. ज्याच्याकडे नुसता मोबाइल होता, तो त्यात नाही. अमेरिकेच्या जनगणनेची 2010 ची यादी निदान 100 जणांचं असलेलं आडनावच दाखवते. स्पेनची सांख्यिकी संस्था प्रांतवार आकडे देते, पण तिथे पहिलं आणि दुसरं आडनाव वेगवेगळं मोजतात. दोन्ही आकड्यांची बेरीज करू नका. सगळ्या जगाचे आकडे एका जागी देणाऱ्या संकेतस्थळांवरचे बरेच आकडे अंदाजाचे असतात. दिशा समजायला ते ठीक, पुरावा म्हणून वापरायला नाहीत.

आणि नुसती संख्या पाहू नका, लोकसंख्येच्या दर लाखामागे किती ते काढा. नाहीतर प्रत्येक आडनावाचं माहेरघर एखादं मोठं शहरच निघेल.

पायरी 7: चाळणी लावा

फ्रान्समध्ये 'चाबान'सारखंच स्पेलिंग शोधलं की जाक शाबान-देल्मास पुढे येतात, 1969 ते 1972 या काळातले पंतप्रधान. त्यांचं मूळ आडनाव नुसतं देल्मास. 'शाबान' हे जर्मनांविरुद्धच्या भूमिगत लढ्यात घेतलेलं टोपणनाव, दोर्दोन्यमधल्या एका गढीवरून. त्यात मेंढपाळ कुठेच नाही. अमेरिकेत शोधलं तर 'चोबानी' नावाच्या कंपनीचं दही समोर येतं. तिथे शब्द मात्र खरोखर तुर्की मेंढपाळाचाच आहे. तुर्कस्तानात चोबानोग्लू, सर्बियात चोबानोविच, ग्रीसमध्ये त्सोबानिस. हे सगळे शब्दाचे भाऊबंद आहेत, घराण्याचे नव्हेत. ते वेगळ्या यादीत ठेवा.

पायरी 8: माणसांना विचारा

कागद संपले की जाणत्या माणसांकडे जा. रोमानियन खेड्यात अनोळखी पोराला म्हातारी माणसं 'अल कुइ येश्ति?' असं विचारतात, म्हणजे 'कुणाचा रे तू?' एका गावात पाच-सहा चोबानु घरं असली, की प्रत्येक घराला वेगळं टोपणनाव पडतं. त्याला 'पोरेक्ला' म्हणतात. सरकारी वहीत ते क्वचितच येतं, पण गावात घर ओळखतात ते त्याच नावाने. ओळखीचा कुणी चोबानु असेल तर त्याला आजोबांचं गाव विचारा, जिल्हा विचारा आणि पोरेक्ला काय होती ते विचारा. या तीन गोष्टी कळल्या की कुठल्या अभिलेखागारात, कुठल्या गावची वही मागायची ते नेमकं ठरतं.